शातो पोंते-काने : सेंद्रिय वाइनची परीक्षा पावसाळी वर्षी

फ्रान्सच्या बोर्डो प्रदेशातील पोयाक येथील शातो पोंते-काने हा द्राक्षमळा तेथील वाइन-मळ्यांच्या १८५५च्या वर्गवारीत पाचव्या, म्हणजे शेवटच्या श्रेणीत आहे आणि १९७५पासून तो टेसरों कुटुंबाकडे आहे. मात्र त्याच्या वाइनविषयी लिहिताना श्रेणीपेक्षा २००४मध्ये तिथे सुरू झालेल्या बायोडायनॅमिक शेतीचा, म्हणजे सेंद्रिय शेतीला काही खास विधींची जोड देणाऱ्या पद्धतीचा, विचार आधी करावा लागतो. अटलांटिकच्या दमट हवेत एवढ्या मोठ्या मळ्यावर हे निभणार नाही, अशी शंका तेव्हा अनेकांना होती आणि ती अगदीच अनाठायी नव्हती.

या भागातील खरा शत्रू म्हणजे केवडा, ओल्या हवेत द्राक्षवेलीवर पडणारा बुरशीसारखा रोग. सेंद्रिय शेतकऱ्याला वेलीच्या आत भिनणारी (आंतरप्रवाही) बुरशीनाशके वापरता येत नाहीत. त्याच्या हाती मुख्यतः तांबे उरते, आणि ते पानाच्या पृष्ठभागावरच राहत असल्याने जोराच्या पावसानंतर पुन्हा फवारावे लागते. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण १८८०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी प्रचारात आणले, तेही पोयाक ज्यात येते त्या मेदोक परिसरातील निरीक्षणांवरून. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असा समज बाळगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तांबे जमिनीत साचत जाते, म्हणून युरोपीय संघाने त्यावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलो अशी मर्यादा घातली आहे.

२००७च्या ओल्या हंगामात पीक वाचवण्यासाठी पोंते-कानेने रासायनिक फवारणी केली आणि सेंद्रिय प्रमाणपत्राकडे चाललेली वाटचाल तिथेच खंडित झाली. प्रमाणपत्र २०१०च्या हंगामाला मिळाले. पुढे २०१८मध्ये केवड्याने तितकाच जोर धरला तेव्हा मात्र मळ्याने माघार घेतली नाही आणि सुमारे दोन-तृतीयांश पीक गमावले. या मळ्याच्या सेंद्रिय दाव्यावर माझा विश्वास बसतो तो बाटलीवरील हिरव्या पानाच्या सेंद्रिय चिन्हापेक्षा या दोन वर्षांमधील फरकामुळे.

ट्रॅक्टरच्या वजनाने माती दबू नये म्हणून काही भागांत घोड्यांकडून नांगरणी केली जाते. हे छायाचित्रांत फार शोभते, परंतु त्यामागील कारणही खरे आहे. गाईच्या शिंगातील शेणखताच्या बायोडायनॅमिक प्रयोगाबाबत मी साशंकच आहे. तळघरातील निर्णय मला अधिक पटतात : २०१२च्या हंगामापासून वाइनचा सुमारे एक-तृतीयांश भाग ओकच्या पिंपांऐवजी ९०० लिटरच्या काँक्रीटच्या रांजणांत मुरवला जातो, त्यामुळे लाकडाचा वास फळावर चढत नाही.

कॅबरने सोव्हिन्यों या द्राक्षाचे प्राबल्य असलेल्या या वाइनमध्ये काळ्या मनुकांसारखा गडद गंध आणि देवदाराची छटा आहे. टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणारा तुरटपणा, दाट असूनही जिभेला बोचत नाही. २०१८ची वाइन विशेष घट्ट आणि गोलाईदार आहे, पण तिला अजून पुष्कळ वर्षे लागतील. शंभर युरोंच्या आगेमागे जाणारी ही बाटली रोजच्या जेवणासाठी नव्हेच. लगेच उघडायची असेल तर जुन्या वर्षाची घ्यावी आणि पिण्यापूर्वी दोन तास डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागू देणाऱ्या काचेच्या सुरईत, ओतून ठेवावी.