पियाझोला १९८६: न्यूयॉर्क की माँत्रो?

अर्जेंटिनाचा संगीतकार आस्तोर पियाझोला याचा नवा टँगो (टँगो या नृत्यसंगीतात जॅझ आणि पाश्चात्य अभिजात संगीत मिसळून केलेला) नीट ऐकायचा ठरवलं, की आधी कुठला अल्बम लावायचा हा पेच पडतो. माझ्यापुरता तो दोघांवर येऊन थांबला होता: ‘टँगो: झीरो अवर’ आणि ‘द न्यू टँगो’. दोन्ही १९८६चे, वादक पंचकही तेच. पहिला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत झाला. दुसरा स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या जॅझ महोत्सवात, श्रोत्यांसमोर, आणि जोडीला जॅझवादक गॅरी बर्टनचा व्हायब्राफोन, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं धातूच्या पट्ट्यांचं वाद्य.

जॅझकडून येत असाल तर माँत्रो पटकन आपलासा वाटेल. ‘लॉराज ड्रीम’मध्ये बर्टन ज्या नजाकतीने सूर ठेवतो, त्याला नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. पाहुणे आलेले असताना लावायलाही हाच बरा. झीरो अवर सुरू होतो तोच माणसांच्या पुटपुटण्याने. आमच्याकडे स्वयंपाकघरातून ‘हे काय लावलंयस?’ अशी विचारणा अजूनही होते. माँत्रोबद्दल घरात कुणाची तक्रार नाही.

माझं मात्र एका गोष्टीवर अडलं. या संगीताची सगळी नस आठ मात्रांच्या ३-३-२ अशा तोडणीत आहे. पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर घाव, आणि मधल्या फटी कोरड्या. पियाझोलाचं वाद्य बँडोनियन; ते भात्यावर चालतं, आपल्या पेटीसारखंच. वादकाने हात रोखला की सूर तिथल्या तिथे तुटतो. व्हायब्राफोनची धातूची पट्टी घुमत राहते. आवाज दाबायला पेडल असतं, वादकही कसलेला, तरी त्या फटींत थोडी ओल उरतेच. एकदा ती कानाला जाणवली की पुढे प्रत्येक तुकड्यात मी तिचीच वाट बघू लागलो. इतरांना कदाचित खटकणारही नाही.

शिवाय जॅझ हवा म्हणून झीरो अवर सोडायचं कारण नाही. पंचकातला पाब्लो झिग्लर जॅझमधूनच आलेला, ते त्याच्या पियानोत ऐकू येतं. पाश्चात्य अभिजात संगीतही वरून लावलेलं वाटत नाही: पियाझोलाने १९५४ मध्ये पॅरिसला संगीतशिक्षिका नादिया बुलांजेकडे गिरवलेलं काउंटरपॉइंट (स्वतंत्र सुरावटी एकत्र गुंफण्याचं तंत्र) ‘कॉन्सिएर्तो पारा किंतेतो’मध्ये पुरतं मुरलेलं आहे. पंचकातल्याच सुआरेस पासचं व्हायोलिन ‘मिलोंगा देल आंखेल’मध्ये गातं, आणि इतरत्र त्याच गजातून खरखर निघते. तीही मला हवीहवीशी वाटते. पियाझोला स्वतः याच अल्बमला आपला सर्वोत्तम म्हणायचा. अर्थात कलावंताचं स्वतःबद्दलचं मत प्रमाण मानावंच असं नाही.

दोन्ही ऐकायला सवड असेल तर प्रश्नच मिटला. एकच घ्यायचा तर मी झीरो अवर सुचवेन, आणि तोही पहिल्यापासून नको. आधी ‘मिकेलांजेलो ७०’ लावा, जेमतेम तीन मिनिटांचा आहे. तो रुचला तर लांबलचक ‘कोन्त्राबाखीसिमो’कडे वळा. त्याच्या सुरुवातीला डबल बास एकटाच बोलतो. मोबाइलच्या स्पीकरवर त्यातलं निम्मं हरवेल, तेव्हा हेडफोन घ्या.