पिवळा रंग ‘न छापलेले’ तिकीट

पाने हिरवी असायला हवीत तिथे ती निळी छापली गेली आहेत, असे सांगून एका विक्रेत्याने मला एक कोरे, म्हणजे न वापरलेले, टपाल तिकीट नेहमीच्या किमतीच्या कितीतरी पटीने विकले. बहुरंगी छपाईत प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा असतो आणि निळ्यावर पिवळा चढला की हिरवा दिसतो. त्यामुळे पिवळा छापायचा राहिला तर पाने निळीच राहतील, हे त्याचे म्हणणे मला पटले. अशा चुका खरोखर घडतात. स्वीडनचे १८५५ मधील तीन स्किलिंगचे तिकीट निळसर हिरव्याऐवजी पिवळ्या रंगात छापले गेले आणि त्याची एकच प्रत आज ज्ञात आहे. असे काहीतरी आपल्या हाती लागेल ही आशा प्रत्येक संग्राहकाला असते, तशी मलाही होती.

तिकिटामागचा डिंक शाबूत होता. रसायनाने रंग काढायचा तर तिकीट भिजवावे लागते आणि डिंक जातो, एवढेच ठाऊक असल्याने मी निर्धास्त झालो. पिवळा रंग नुसत्या उन्हानेही उडू शकतो आणि त्याला पाण्याचा थेंबही लागत नाही, हे माझ्या ध्यानात आले नाही.

काही आठवड्यांनी तेच तिकीट साध्या प्रतीशेजारी ठेवून भिंगातून पाहिले, तेव्हा खालच्या दातांलगत, म्हणजे तिकिटाच्या दातेरी कडेलगत, केसाएवढी हिरवी रेघ दिसली. उन्हात ठेवताना तेवढी कड कशाखाली तरी झाकली गेली असणार. शिवाय फुलांचा गुलाबी रंगही साध्या प्रतीपेक्षा फिका होता, आणि पिवळा छापायचा राहिला म्हणून काही गुलाबी फिका पडत नाही.

मग विक्रेत्याने दिलेले तज्ज्ञांचे प्रमाणपत्र बाहेर काढले. त्यावरील छायाचित्रात डाव्या कडेचा वरून तिसरा दात आखूड होता. माझ्या तिकिटाचे सगळे दात पूर्ण होते. प्रमाणपत्र दुसऱ्याच प्रतीचे होते! ही तुलना पैसे देण्याआधी दोन मिनिटांत झाली असती, याची खंत मला आजही आहे.

परतीची मुदत उलटली आहे, एवढे एकच उत्तर विक्रेत्याकडून आले. म्हणून कळकळीने सांगतो, तज्ज्ञांचा अभिप्राय प्रतिकूल आल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल ही अट व्यवहाराआधीच लेखी घ्या, आणि अभिप्राय यायला लागणारा काळ त्या मुदतीत धरला आहे ना, तेही पाहा. माझ्या पावतीवर १४ दिवस लिहिले होते, आणि ते वाचूनच मी पैसे दिले होते.