चिपच्या नावाखाली गळ्यात मारलेला शेअर

सेमीकंडक्टर, म्हणजे चिपच्या धंद्यातल्या कंपन्यांचे शेअर शोधत असाल तर हे वाचा. मेसेजिंग ॲपवरच्या एका ‘रिसर्च’ ग्रुपने एक लहान कंपनी माझ्या गळ्यात मारली. तक्रार चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

ग्रुपवर रोज टीएसएमसी, एनव्हिडिया, एएसएमएल या चिप क्षेत्रातल्या बड्या कंपन्यांच्या बातम्या यायच्या, आणि त्या खऱ्या असायच्या. सर्वांत प्रगत चिपवर बारीक नक्षी छापणारी ईयूव्ही यंत्रं जगात एकटी एएसएमएल बनवते, हे मला तिथेच कळलं. इतकं खरं वाचल्यावर मधेच सरकवलेलं खोटंही खपून जातं. मग सुरू झालं, ‘या क्षेत्राचे पी/ई बघा आणि आपल्या कंपनीचा बघा, एक आकडी!’ (पी/ई म्हणजे शेअरचा भाव दर शेअरमागच्या नफ्याच्या किती पट आहे ते.) सोबत सामंजस्य कराराचं पत्रक आणि पिवळ्या उजेडात पांढऱ्या पोशाखातल्या कामगारांचा फोटो.

त्या फोटोतच सगळं होतं. पिवळा उजेड लिथोग्राफीच्या, म्हणजे प्रकाशाने चिपची नक्षी छापायच्या खोलीत लागतो, कारण फोटोरेझिस्ट या प्रकाशसंवेदी लेपाला निळा आणि अतिनील प्रकाश चालत नाही. ही कंपनी तर फक्त साध्या असेंब्ली-टेस्टिंगचा (तयार चिप पॅक करून तपासण्याचा) दावा करत होती. इमेज सर्च केल्यावर तोच फोटो भलत्याच कंपनीच्या साइटवर निघाला.

वार्षिक अहवाल त्याहून बोलका. आधुनिक फॅब, म्हणजे चिप बनवणारा कारखाना, उभारायला १० अब्ज डॉलरहून जास्त लागतात. असेंब्लीला तेवढे लागत नसले तरी यंत्रं लागतातच. इथे मालमत्तेच्या टिपेत फर्निचर, संगणक आणि एक गाडी! प्लांट अँड मशिनरीपुढे जवळपास काहीच नाही. उत्पन्न सगळं ‘ट्रेडिंग’चं, म्हणजे सुटे भाग घ्यायचे आणि पुढे विकायचे. विक्री वाढतेय, पण पैसा ग्राहकांकडच्या येणेबाकीत अडकलेला, कामकाजातला कॅश फ्लो उणे. आणि एक आकडी पी/ईचं रहस्य? नफ्याचा मोठा हिस्सा जमीन विकून आलेला.

तसंही या धंद्यात कमी पी/ई म्हणजे स्वस्त, हे गणित चालत नाही. मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनला २०२२ च्या आर्थिक वर्षात सुमारे ८.७ अब्ज डॉलर नफा झाला, आणि पुढच्याच वर्षी सुमारे ५.८ अब्जांचा तोटा. तेजीच्या शिखरावर नफा फुगलेला असतो, म्हणून पी/ई लहान दिसतो. त्या वेळी गोदामात किती दिवसांचा माल पडून आहे ते बघायचं. ग्रुपवर कोणी इन्व्हेंटरीबद्दल, म्हणजे या पडून असलेल्या मालाबद्दल विचारलं की त्याला काढून टाकायचे.

रोज अप्पर सर्किट लागत होतं, म्हणजे भाव दिवसाच्या वरच्या मर्यादेला जात होता, तेव्हा प्रवर्तक, म्हणजे कंपनी चालवणारे मूळ मालक, आपला हिस्सा विकत होते. शेअरहोल्डिंगच्या तिमाही तक्त्यात ते नंतर दिसलं. मग लोअर सर्किट सुरू झालं, म्हणजे भाव रोज खालच्या मर्यादेला. विकायला लावलं तरी घेणारा कोणी नाही. ॲडमिन म्हणे, ‘ॲव्हरेज करायची संधी आहे,’ म्हणजे पडलेल्या भावात आणखी घ्या आणि खरेदीची सरासरी खाली आणा. थोड्याच दिवसांत ग्रुप गायब.

तक्रारीत उपयोगी पडलं ते आधीच एक्सपोर्ट करून ठेवलेलं चॅट, तारखांचे स्क्रीनशॉट आणि ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स (खरेदी-विक्रीच्या नोंदी). अशा ग्रुपात असाल तर आजच काढून ठेवा. ॲडमिनने डिलीट केल्यावर हाती काही राहत नाही.