तुंबाड थेटरात बघितला, फोनवर बघितलेला धरू नका

तुंबाड हा भयपट 2018 ला आला तेव्हा थेटरात हुकला, नंतर दोनदा फोनवर बघितला आणि "फोटोग्राफी भारी आहे, पण भीती काय वाटली नाही बुवा" असं चार लोकांना सांगत फिरलो. सप्टेंबर 2024 मध्ये री-रिलीज झाला तेव्हा बायकोला ओढून रात्रीच्या शोला नेलं, आणि आता त्या चारही लोकांना फोन करून माफी मागायची बाकी आहे.

सगळ्यात आधी पाऊस. फोनवर तो नुसता खर्र असा एकसुरी आवाज होता, मी तर मध्ये व्हॉल्यूम कमी केला होता. थेटरात तो पाठीमागून येतो, बाजूने येतो, मध्येच इतका जड होतो की माणसं बोलतात ते पुढे वाकून ऐकावंसं वाटतं. ज्यांचं गाव कोकणात आहे त्यांना माहितीये, आठ-आठ दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल, आणि घरात कायम कोणीतरी आजारी असल्यासारखं वातावरण. पिक्चरमधली निम्मी भीती तिथूनच येते असं माझं मत झालंय, भूत लांबच राहिलं. आणि मग पिक्चरचा हिरो विनायक सोन्याच्या हावेपोटी विहिरीत उतरतो, पाऊस वर राहतो, आणि कानाला सवय झालेली ती धो-धो गेली की जी पोकळी होते ना, तिथे माझे हात गार पडले. पडद्यावर तोवर काहीच झालेलं नव्हतं!

कॅमेरा पंकज कुमारचा (हैदर पण त्यानेच शूट केलेला). लांबून घेतलेले शॉट खूप आहेत, एवढा मोठा वाडा, एवढं मोठं आभाळ आणि खाली मुंगीएवढा माणूस. बाकी पिक्चरवाले भीती दाखवायची म्हणून तोंडावर कॅमेरा नेतात आणि धाडकन म्युझिक वाजवतात, इथे उलटं आहे. कंदिलाच्या उजेडात चेहरा अर्धाच दिसतो, उरलेल्या फ्रेममध्ये काळोख, आणि आपण येड्यासारखे त्या काळोखात काहीतरी शोधत बसतो. फोनवर ब्राइटनेस फुल करून बघितला होता तेव्हा तो काळोख करडा दिसायचा, वर चौकोन-चौकोन फुटायचे, मग कसली भीती.

म्हातारीचा सीन तर विचारू नका. साखळदंडात बांधलेली म्हातारी, आणि तिच्यासमोर एकटा सापडलेला पोरगा. तिचा आवाज असा आहे की माझ्या शेजारच्या माणसाने पॉपकॉर्नमध्ये घातलेला हात तसाच ठेवला. घरी येऊन वाचलं तर ती म्हातारी आणि नंतरचा विनायकचा मुलगा पांडुरंग, दोन्ही एकाच पोराने केलंय, मोहम्मद समदने! बायकोला सांगितलं तर तिला खोटंच वाटलं.

रंगांचं पण सांगतो. वरचं सगळं जग राखाडी, मातकट, शेवाळलेलं, डोळे त्याला सरावतात, आणि खाली देवीच्या गर्भात गेलं की एकदम लालभडक, ओलं, मांसासारखं. तिथे हस्तर नावाचा राक्षस, त्याला भुलवून सोनं काढायला कणकेची बाहुली हातात घेऊन माणूस पिठाच्या रिंगणात बसलाय, म्हणजे वस्तू बघा किती घरगुती, रोज पोळ्या करतो ती कणीक. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको कणीक मळत होती तर मी किचनमध्ये गेलो नाही, खरंच. आणि सोन्याच्या मुद्रा खणखणतात तो आवाज, जेस्पर किडचं म्युझिक छान आहेच, पण मला विचाराल तर या पिक्चरचं खरं थीम म्युझिक तेच आहे. हाव आणि भीती एकाच आवाजात.

खटकलं ते पण सांगतो. माणसं सगळी कोकणातली, नावं विनायक, सदाशिव, पांडुरंग, आणि बोलतात हिंदी. बिझनेस म्हणून समजू शकतो, पण त्या म्हातारीने मराठीत शिव्या घातल्या असत्या तर मी खुर्चीतून उठलोच असतो. शेवटी शेवटी हस्तर जरा जास्तच वेळ दिसतो, आणि दिसला की कॉम्प्युटरचं काम कळतं, भीती उतरते. विनायकची बायको झालेल्या अनिता दातेला आणखी सीन हवे होते ("माझ्या नवऱ्याची बायको" मालिकेतली राधिका तीच, राधिकाच्या नशिबी इथे पण तसलाच नवरा आला, बायको हळूच म्हणाली, आम्ही दोघं चुकीच्या ठिकाणी हसलो).

थेटरचं नाव घेत नाही, पण बाहेर जायच्या दाराजवळचा दिवा पडद्याच्या कोपऱ्यावर पडत होता, सांगूनही काही केलं नाही, आणि शेजारच्या स्क्रीनमधला कुठलातरी डान्स नंबर भिंतीतून धमधमत होता. अशा पिक्चरला काळोख आणि शांतता हेच तर तिकिटाचे पैसे. साउंड मात्र दणदणीत होता, म्हणून माफ.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. परत लागला तर मधल्या रांगेत, जरा मागची सीट घ्या. घरीच बघणार असाल तर रात्री, दिवे घालवून, टीव्हीवर बघा, चांगले हेडफोन असतील तर लावा. एक तास चव्वेचाळीस मिनिटांचाच आहे, तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.