मेसवाल्या काकूंचं स्वैपाकाचं पुस्तक, घ्यावं की नाही?

नाशिकच्या गंगापूर रोडला आतल्या गल्लीत एक मेस आहे, बोर्ड वगैरे धड नाही, ज्याला माहितीये त्याला माहितीये. तिथे काउंटरवर बडीशेपेच्या डबीशेजारी सध्या पिवळ्या कव्हरच्या स्पायरल वह्यांचा गठ्ठा दिसेल. मला आधी वाटलं उधारीची वही असेल, पण ते काकूंच्या रेसिपींचं पुस्तक आहे, दीडशे रुपये फक्त. मी घेतलं आणि घरी नेऊन वडलांच्या हातात दिलं, कारण आई गेलीये ताईच्या बाळंतपणासाठी आणि माझी अंबडला शिफ्ट, म्हणजे दुपारी किचनमध्ये उभं राहणार कोण तर रिटायर्ड वडील, ज्यांनी आजवर चहाच्या पुढे काही केलेलं नाही. तर हा रिव्ह्यू अर्धा त्यांचा समजा, हात त्यांचे, टायपिंग माझं.

आधी हे पुस्तक निघालं कसं ते सांगतो, कारण ते कळलं की पुस्तक असं का आहे ते पण कळतं. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, मेस बंद, एसटी बंद, आणि धुळे-नंदुरबारकडची जी पोरं रूमवर अडकली त्यांच्याकडे होतं काय तर एक इंडक्शन, एक छोटा कुकर नि किराणावाल्याने दिलेले डाळ-तांदूळ. त्यातल्या एकाने काकूंना फोन लावला, काकू डाळीत पाणी किती टाकू. काकूंनी व्हॉट्सॅपवर व्हॉइस नोट पाठवली, ती त्याने ग्रुपवर टाकली, मग रोज कोणी ना कोणी विचारायला लागलं आणि काकू आपल्या रोज दुपारी बोलून पाठवायच्या. पुढे ही पोरं नोकरीला हिंजवडी नि बंगलोरला गेली, फोन बदलले, जुन्या नोट्स उडाल्या, की परत काकूंना मेसेज, काकू ती पिठल्याची परत पाठवा ना. शेवटी काकूंची सून वैतागली आणि म्हणाली की मी हे सगळं एकदा लिहूनच काढते. हे मला सूनबाईंनीच काउंटरवर सुट्टे पैसे शोधता शोधता सांगितलं.

म्हणून पुस्तकात ‘कडधान्ये’, ‘भात प्रकार’ असली प्रकरणंच नाहीत. पोरांनी विचारलेले प्रश्न तसेच्या तसे हेडिंग म्हणून आहेत. ‘कुकरची शिट्टीच होत नाही काकू’. ‘भात खाली लागला, आता काय’. शिट्टीवाल्यात लिहिलंय की आधी झाकणाची रिंग बघ, सैल झाली असेल तर दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवून परत लाव, आणि शिट्टीत डाळ अडकलीये का तेही बघ. भातवाल्यात लिहिलंय की हलवू नकोस, वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढ आणि वर ब्रेडचा स्लाइस ठेवून झाक म्हणजे वास जाईल. वडलांनी दुसरा प्रयोग करून पाहिला (करावाच लागला), वास बऱ्यापैकी गेला.

सगळ्यात भारी पान पहिलंच आहे, मापाचं. आपल्याकडे सगळे वाटी वाटी करतात पण प्रत्येक घरात वाटी वेगळी, आमच्याच घरी चार साइजच्या आहेत. इथे सांगितलंय की अर्धा लिटर दुधाची पिशवी आण, त्यातलं दूध तीन वाट्या भरून थोडंसं उरलं तर ती वाटी आपली, तिच्यावर मार्करने खूण कर आणि पुस्तकभर तीच वापर. वडलांनी लगेच केलं, आता ती वाटी कोणी आमटी खायला घेतली की ते ओरडतात. आणि ‘चवीनुसार मीठ’ पुस्तकात कुठेच नाही!! अर्धा चमचा तर अर्धा चमचा, तोही चहाचा चमचा, सपाट. ज्याला स्वैपाक येत नाही त्याला चव बघून काय कळणार आहे की मीठ किती, पण हे मोठमोठ्या पुस्तकवाल्यांना सुचत नाही.

पिठल्याचं पान मी स्वतः वडलांच्या शेजारी उभं राहून बघितलं. अर्धी वाटी बेसन, दोन वाट्या पाणी. त्यातलं अर्धी वाटी गार पाणी बेसनात आधी घालून चमच्याने घोटायचं, गुठळी दिसेनाशी होईपर्यंत, मगच उरलेलं पाणी. फोडणीला इंडक्शन कमीवर ठेवायचं कारण पातळ तळाच्या भांड्यात तेल लगेच धुरावतं, मोहरी तडतडली की बंद करायचं आणि मग हिंग-हळद, नाहीतर करपते. मग परत चालू करून लसूण, मिरची, कांदा, कांदा मऊ झाला की कालवलेलं बेसन, आणि पिठलं फट्फट् उडायला लागलं की झाकण ठेवून पाच मिनिटं. कंसात लिहिलंय ‘हात लांब ठेव रे’. गुठळी एकही नाही. वडील दोन वेळा जेवले.

काय नाहीये तेही सांगतो. पोळ्या नाहीत. काकूंनी सरळ लिहिलंय की पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आण, एकट्यासाठी कणीक भिजवत बसशील तर दोन दिवसात स्वैपाकच सोडशील. मला हे जाम पटलं. मिक्सर लागेल असं काही नाही, ओव्हन तर सोडाच. नॉनव्हेजवाल्यांनी फार आशा ठेवू नये, अंड्याचे दोन प्रकार आहेत, त्यातली काळ्या मसाल्यातली अंडाकरी चांगली आहे पण तिथे मसाला कसा करायचा ते न देता ‘आपल्याकडे मिळेल’ लिहून ठेवलंय, म्हणजे काकूंचाच मसाला घ्यायचा. चालायचंच, धंदा आहे. पण निदान कांदा-खोबरं भाजून करायची सोपी पद्धत द्यायला हरकत नव्हती.

आणि मिसळ नाही!! नाशिकचं पुस्तक आणि मिसळ नाही म्हणजे काय भो. मटकीला मोड आणून साधी उसळ आहे, तिच्या खाली टीप आहे की एकट्यासाठी तर्री करायला जाऊ नको, वाटीभर तर्रीला जो कुटाणा होतो तो दहा जणांनाही तेवढाच, सुट्टीच्या दिवशी मित्रांना घेऊन बाहेर खा, पापड-दही पण मिळेल. खरंय, तरी मला राग आलाच.

आता तक्रारी. बाइंडिंग बेकार. स्पायरलची तार कोपऱ्यातून निघते आणि पान उलटताना ओट्यावरच्या फडक्यात अडकते. कागद साधा झेरॉक्सचा, आमच्या पिठल्याच्या पानावर हळदीचा अंगठा उठलाय, लॅमिनेशन नको पण जरा जाड कागद तरी हवा. फोटो काळेपांढरे आहेत, साबुदाणा खिचडी आणि पोहे सारखेच दिसतात, ते काढूनच टाका. अनुक्रमणिका नाही, त्यामुळे काही शोधायचं तर पूर्ण पुस्तक चाळा, वडलांनी शेवटी पेनाने स्वतःच आकडे टाकून मागच्या पानावर यादी केली. सूनबाईंना सांगितलं तर म्हणाल्या पुढच्या छपाईत करू.

तुम्हाला आधीच स्वैपाक येत असेल तर दीडशे रुपये वाचवा, यात तुमच्यासाठी नवीन काही नाही, लग्नात भेट मिळालेलं जाड पुस्तक घरी असेलच ते उघडा. पोरगा किंवा पोरगी पहिल्यांदा बाहेरगावी राहायला चालली असेल, किंवा आमच्यासारखं घर असेल, तर डोळे झाकून घ्या. व्हिडिओ बघून करणाऱ्यांना पण सांगतो, हात पिठाने भरलेले असताना मोबाइलवरची जाहिरात स्किप करून दाखवा मग बोलू. माझ्याकडून पाचपैकी चार, एक बाइंडिंगचा कापला.

ऑनलाइन नाही, कुरिअर सूनबाई करतात पण आधी पैसे पाठवावे लागतात. दुपारी एक ते अडीच जाऊ नका, जेवणाची गर्दी असते, कोणी बोलणार नाही तुमच्याशी. आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते.