भाड्याचा ‘मावळा संच’: मिरवणुकीला चालेल, पावनखिंडीला नाही

पुण्या-कोल्हापुरात नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानांत ‘मावळा संच’ हमखास मिळतो. अंगरखा, सुरवार, शेला, तयार पगडी, मोजडी, ढाल आणि तलवार. शिवजयंतीच्या मिरवणुकीत दोन तास चालायला तो पुरतो. पण १३ जुलै १६६० ची घोडखिंडीतली, म्हणजे आजच्या पावनखिंडीतली झुंज निष्ठेने उभी करायची असेल, तर यातल्या बहुतेक वस्तू दुकानातच राहू द्याव्यात.

आधी तलवार, कारण इजा तिनेच होते. संचात अॅल्युमिनियमची हलकी तलवार तरी असते, नाहीतर स्टेनलेस स्टीलची चकचकीत. अॅल्युमिनियमचं पातं दोन-चार घावांत वाकतं आणि कडेला पडलेल्या खाचा हात फाडतात. स्टेनलेस त्याहून वाईट. ती भिंतीवर टांगायला केलेली वस्तू. पात्याचा मुठीत जाणारा भाग बोटभर, तोही वेल्डिंगने जोडलेला. तडा तिथेच जातो आणि पातं सुटून कुठेही उडतं. ‘जुन्या पद्धतीची’ म्हणून दिलेली तलवारही तपासून घ्या. आपल्याकडे पातं मुठीत लाखेने किंवा राळेने बसवायची रीत होती. ती उन्हात तापली आणि वर घाव बसले की पातं सैल होतं. मूठ घट्ट धरून पातं आडवं झटका. आत टकटक झाली की तलवार परत.

झुंजीचं पातं स्प्रिंगच्या पोलादाचं हवं. कड किमान २ मिलिमीटर जाड, टोक नाण्याच्या कडेसारखं गोल, आणि मुठीत जाणारा दांडा तिच्या शेवटापर्यंत जाऊन रिव्हेटने पक्का केलेला. वजन साधारण किलोभर. प्रत्येक तालमीनंतर कडेवरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तिथे खाच आहे. कानस मारल्याशिवाय ती तलवार पुन्हा हातात घ्यायची नाही.

फायबरची ढाल त्यामानाने बरी. हलकी आहे, पावसात खराब होत नाही. दोष मागच्या बाजूला: चार बोल्टांची टोकं उघडी असतात आणि घाव बसला की बोटांची पेरं त्यांवर आपटतात. खऱ्या ढालीत मुठीखाली गादी असे ती यासाठीच. जाड नमद्याची, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीची गादी शिवून बसवा, आणि वरचा सोनेरी रंग घासून काळपट तपकिरी करा.

कपड्यांना मात्र क्षमा नाही. पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून, आषाढातल्या पावसाच्या रात्री चिखल तुडवत खिंडीपर्यंत आलेली हिरडस मावळातल्या बांदलांची माणसं सॅटिनमध्ये दाखवायची? भिजलेलं सॅटिन अंगाला चिकटतं. काखेत कळी (सैलपणासाठी जोडलेला कापडाचा तुकडा) नसल्यामुळे हात डोक्यावर जात नाही, आणि गेलाच तर पाठीमागचं वेल्क्रो उघडतं. त्यापेक्षा मांजरपाटाची बाराबंदी शिवून घ्या. दोन्ही काखांत चार इंची चौकोनी कळी घालायला शिंप्याला आवर्जून सांगा. खाली आखूड चोळणा, कमरेला ३ मीटरचा शेला, खांद्यावर घोंगडी. पुठ्ठ्याची तयार पगडी पहिल्या सरीत भिजून खाली बसते. ६-७ मीटर मऊ सुती कापडाचं मुंडासं बांधा आणि त्याखाली कापूस भरलेली टोपी घाला. दिसत नाही, डोकं वाचतं. कोरं कापड पांढरं झगझगतं म्हणून काथाच्या पाण्यातून काढा. मोजडीचा गुळगुळीत तळवा ओल्या कातळावर घसरतो, ती नकोच. काही दुकानं सगळ्यांच्याच डोक्यावर जिरेटोप चढवतात, तोही परत करा.

सोबत ‘शत्रू संच’ देऊ करतात: काळा झगा, खोटी दाढी, तोंडाला फासायचा काळा रंग. हा अजिबात घेऊ नये. सिद्दी जौहर आणि सिद्दी मसूद हे हबशी वंशाचे आदिलशाही सरदार होते. काजळ फासून त्यांचं सोंग आणणं हा अपमान आहे, आणि इतिहासही नाही. विशाळगडाखाली महाराजांची वाट अडवून बसलेले सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी तर इथलेच. त्यांची माणसं बांदलांपेक्षा वेगळी कशी दिसतील? दोन बाजू निशाणाने आणि शेल्याच्या रंगाने ओळखू द्या. पडलेला माणूस, मग तो कुठल्याही बाजूचा असो, प्रसंग संपेपर्यंत पडूनच राहील हे तालमीत ठरवा. तलवार अंगालगत सपाट ठेवून पडायचं, म्हणजे मागून येणाऱ्याचा पाय तिच्यावर पडत नाही.

‘बोथट आहे, परवानगी काही लागत नाही’ हे दुकानदाराचं म्हणणं मानू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असला की तलवार घेऊन रस्त्यावर निघणंच अडचणीत येतं. पोलीस ठाण्यात तारीख, जागा आणि शस्त्रांची यादी देऊन लेखी परवानगी आधीच घ्या. संरक्षित गडावर कार्यक्रम असेल तर पुरातत्त्व खात्याचीही. पावतीवर दुकान नुसतं ‘संच’ लिहितं; तिथे ‘प्रयोगासाठी बोथट शस्त्रे’ आणि नगांची संख्या लिहून मागा.

थोडक्यात भाड्याने घ्यायचं ते शेला आणि ढाल. दोन्ही सुटे द्यायला बहुतेक दुकानदार आधी नाही म्हणतात; वीस-पंचवीस नग एकदम मागितले की तयार होतात. अनामत भरण्याआधी प्रत्येक ढालीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आणि रंग घासणार असाल तर ते आधीच बोलून घ्या.