आठ महिने ३०१८ सीएनसी: यंत्र लवकर कळलं, टूलपाथला वेळ लागला

३०१८ म्हणजे ३०० बाय १८० मिलिमीटर, एवढंच कामाचं क्षेत्र. संगणकाच्या आज्ञेनुसार फिरत्या कटरने कापणारं-कोरणारं, टेबलावर मावणारं हे सीएनसी यंत्र आठ महिने वापरतेय. घेण्याआधी माझा सगळा अभ्यास यंत्राचाच होता: मोटर कोणती, स्क्रू कसा, फ्रेम कशाची. त्यातला अर्धा वेळ सॉफ्टवेअरला दिला असता तर पहिले दोन महिने इतके जड गेले नसते.

जोडणी एका दिवसात होते. फक्त फ्रेम गुण्या लावून तपासा, कारण ती तिरकी बसली तर चौकोनही तिरकेच कापले जातात. कंट्रोलरवर जीआरबीएल असतं, म्हणजे आज्ञा वाचून मोटरी हलवणारा प्रोग्रॅम. एक मिलिमीटर सरकायला मोटरने किती पावलं टाकायची, हे त्याच्या सेटिंगमध्ये असतं. मोटरची एका फेऱ्याला २०० पावलं, ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट) प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो आणि स्क्रू एका फेऱ्यात ४ मिमी पुढे नेतो. म्हणून माझ्याकडे हा आकडा ८०० आहे. तुमचा स्क्रू वेगळा असेल तर आकडाही बदलेल. १०० मिमी सरकवून पट्टीने मोजा, लगेच समजतं.

खरी अडचण पुढे आली. डिझाइन काढणं, कटरची वाट म्हणजे टूलपाथ ठरवणं आणि ती वाट यंत्राला पाठवणं ही तीन वेगळी कामं आहेत, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मी इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये सुंदर अक्षरं काढून बसले आणि यंत्र ती थेट कोरेल असं धरून चालले. मधला टप्पा कॅमचा, म्हणजे डिझाइनवरून टूलपाथ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. कुठून उतरायचं, किती खोल जायचं, रेषेच्या आतून कापायचं की बाहेरून, हे सगळं तिथे ठरतं. बाहेरून कापायचा तुकडा चुकून रेषेवरूनच कापला, तर तो सगळ्या बाजूंनी कटरच्या निम्म्या व्यासाने लहान होतो. माझे डब्याचे दोन भाग म्हणूनच एकमेकांत बसले नाहीत.

मापाचाही एक घोळ झाला. १०० मिमीची पाटी १०६.७ मिमी भरली. मी यंत्राचे स्क्रू सगळे तपासले, दोष मात्र फाइलचा होता. इंकस्केप ०.९२ पासून एका इंचात ९६ पिक्सेल धरतं, त्याआधी ९० धरायचं, आणि माझा कॅम प्रोग्रॅम अजून ९०च धरत होता. आता फाइल उघडली की आधी एक माप तपासते, मगच पुढे.

सध्या फ्रीकॅड वापरते. शिकायला अवघड आहे, पण मोफत आहे आणि डिझाइन व कॅम एकाच ठिकाणी होतं. जुने धडे बघत असाल तर त्यातला ‘पाथ’ विभाग २०२४ च्या १.० आवृत्तीपासून ‘कॅम’ नावाने आहे. मी तो बराच वेळ शोधत होते. नुसती अक्षरं आणि साधे आकार कोरायचे असतील तर एवढं मोठं सॉफ्टवेअर लागत नाही.

आता वेगाबद्दल, कारण इथे सगळ्यात जास्त लाकूड वाया गेलं. भीतीपोटी मी मिनिटाला १०० मिमी एवढाच फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, ठेवायचे. कडा काळ्या पडायच्या, करपलेला वास यायचा, कटर बोथट व्हायचे. हिशेब केला तेव्हा कारण सापडलं. स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) ९००० आरपीएम, कटरला दोन धारा, म्हणजे मिनिटाला १८००० वेळा धार लाकडाला भिडते. १०० मिमी त्यात वाटले तर प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.००६ मिमीही येत नाही. एवढ्यात धार कापत नाही, नुसती घासते, आणि घासण्याने उष्णता होते. फीड ६०० केला, एका फेरीतली खोली अर्धा मिमीच ठेवली, आणि बारीक भुशाऐवजी कुरळ्या ढलप्या पडू लागल्या. कडाही स्वच्छ आल्या. एकाच धारेचा कटर लावला तर हाच परिणाम ३०० वर मिळतो. हलक्या फ्रेमला तो जास्त सोसतो.

अक्षरांची जाडी एका बाजूला भरायची, दुसऱ्या बाजूला बारीक व्हायची. ६० अंशाच्या व्ही-बिटने (टोकदार, व्ही आकाराच्या कटरने) पृष्ठभाग ०.२ मिमी वरखाली असला तरी रेषेच्या रुंदीत ०.२३ मिमीचा फरक पडतो. बेडवर एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) फळी स्क्रूने बसवून तीच यंत्राकडून सपाट तासून घेतली, तेव्हा हे थांबलं. हे काम पहिल्याच आठवड्यात करा. एमडीएफची धूळ फार बारीक असते, मास्क आणि गॉगल लावूनच तासा.

लाकूड, अॅक्रिलिक आणि कोरीवकामासाठी मी हे यंत्र नक्की सुचवेन. अॅल्युमिनियम हेच मुख्य काम असेल तर मात्र घेऊ नका. एक-दोनदा अगदी उथळ फेऱ्यांनी कापून पाहिलं, पण स्पिंडलचा आधार कटरच्या जोराने लवत होता आणि कडेवर लाटा उमटत होत्या. सध्या मी लाकडी खाचांचे सांधे करतेय. ३.१७५ मिमीचा कटर आतल्या कोपऱ्यात सुमारे १.६ मिमी त्रिज्येची गोलाई सोडतो, म्हणून कोपऱ्यात थोडं जास्त कापून घ्यायचं, की चौकोनी टोक नीट आत बसतं. परवा पहिल्यांदा चारही सांधे हाताने दाबून बसले, पॉलिश पेपरची गरज पडली नाही.